बंदी यशस्वी!

महाराष्ट्रातली प्लास्टिकबंदी फसली, असं म्हणणाऱ्यांचा आम्ही जाहीर निषेध करतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली आणि खापर प्लास्टिकच्या पिशव्यांवर फुटलं. मग सरकारने मोजमाप हाती घेतलं : ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी गुन्हेगार, जाड पिशवी सज्जन. गटाराला मायक्रॉन वाचता येत नसल्याने ते दोन्हींनी सारखंच तुंबत राहिलं.

२०१८ मध्ये सज्जनांवरही बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि वर तीन महिने तुरुंग. काही दिवस लोक मासळी आणायला स्टीलचे डबे घेऊन निघाले. मग भाजीवाल्याने गाडीखाली हात घातला. तेव्हापासून पिशवी मिळते, फक्त मागताना आवाज खाली आणावा लागतो. कायद्याचा धाक म्हणतात तो हाच.

दुधाची पिशवी मात्र सुटली, कारण ती परत घेतली जाणार होती. रिकामी पिशवी द्या, ५० पैसे घ्या! हे नाणं स्वीकारणारा दुकानदार कुठे भेटतो, तेवढं अधिसूचनेत राहून गेलं.

पण खरी कामगिरी त्या पिशवीच्या कोपऱ्याची. रोज सकाळी घरोघरी कात्री चालते, नखाएवढा त्रिकोण ओट्यावर उडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पिशवीला निदान भंगारवाला वाली आहे; त्रिकोण झाडूबरोबर बाहेर, बाहेरून नाल्यात, नाल्यातून मिठी नदीत आणि मिठीतून माहीमच्या खाडीत. पुढचं ऊन आणि लाटा बघून घेतात. तुकड्याचे तुकडे पडत पडत ५ मिलिमीटरच्या आत आले, की झालं सूक्ष्म प्लास्टिक. करा आता त्याला ५ हजारांचा दंड! ज्या अर्थी निरीक्षकाला दिसत नाही, त्या अर्थी ते नाही. प्लास्टिक दिसेनासं व्हावं हाच तर बंदीचा हेतू होता.

समुद्र तेवढा सहकार्य करत नाही. पावसाळ्यात साडेचार मीटरची भरती आली, की मरीन ड्राइव्हवर बाटल्या, चपला, थर्माकोल, वेफर्सची पाकिटं फेकून मोकळा होतो. लोक लाटांसोबत सेल्फी काढतात, पालिकेचे कामगार त्यांच्या पायांतून कचरा उचलतात. हा माल देवनारला नाहीतर कांजूरला जातो. दोन्ही कचराभूमी ठाण्याच्या खाडीलगत. म्हणजे पाण्यात परत जायचं झालं तर फार तंगडतोड नको. त्याच खाडीला २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. तिथल्या फ्लेमिंगोंना तो वाचून दाखवायला हवा.

समुद्र जे फेकत नाही, ते मिठागरात शिरतं. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१८ मध्येच, म्हणजे ऐन बंदीच्या वर्षात, बाजारातलं मीठ तपासलं आणि त्यात प्लास्टिकचे कण सापडले. त्यांनी उपायही सुचवला : समुद्राचं पाणी आधी वाळूतून गाळा. प्रयोगात वजनाने ८५ टक्क्यांहून अधिक प्लास्टिक वाळूतच अडकलं. उपाय साधा आहे, स्वस्त आहे. पावती फाडायला वाव नाही, एवढीच काय ती त्याची उणीव.

तोवर वाचकांना विनंती : उद्या दुधाची पिशवी कापताना कोपरा पुरता तोडू नका, पिशवीलाच लटकत ठेवा. आणि आमटीत मीठ जरा बेतानेच घाला.