शेगोकार, ओपनहायमर आणि भोपळे

"काहो मास्तर, शंभर मानसं भरल्याबिगर तिकडे आडनाव धरतच नाईत म्हन्ते. खरं हाय का?"

कुंपणाच्या तारेवर वाळत टाकलेली गोधडी बाजूला सारून मावशींनी विचारलं. मी संत्र्याच्या कलमांना पाणी घालत होतो. उत्तर मिळाल्याशिवाय मावशी कुंपण सोडत नाहीत, हे सोनाळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा पाइप आळ्यात सोडला आणि तारेपाशी गेलो.

मावशींचा नातू अमेरिकेत, मिशिगन राज्यात नोकरीला असतो. त्याला नुकतंच लेकरू झालं. रात्री फोनवर पणतू दाखवता दाखवता तो बोलून गेला, आजी, इथल्या सरकारी यादीत आपलं शेगोकार हे आडनावच नाही. आडनाव यादीत नाही म्हणजे रेशन कार्डावर नाही, अशी मावशींची समजूत झालेली.

म्हटलं, मावशी, तसं नाही. तिकडे दर दहा वर्षांनी शिरगणती होते. २००० आणि २०१० च्या शिरगणतीनंतर त्यांनी आडनावांची यादी काढली. २०१० ला लोकांनी साठ लाखांवर वेगवेगळी आडनावं लिहून दिली होती. पण ज्या आडनावाची निदान शंभर माणसं आहेत, तेवढीच यादीत घेतली, ती भरली १ लाख ६२ हजारांच्या आसपास. दहा-वीस माणसांचं आडनाव छापलं तर माणूस लगेच ओळखू येतो, म्हणून ती झाकून ठेवली. सगळ्यात वर स्मिथ. आपल्याकडचे पटेल पहिल्या शंभरात जाऊन बसलेत.

"स्मिथ म्हंजे काय असते?"

"लोहार."

"घ्या! म्हंजे सगयात जास्त लोहार. अन् आपन?"

"आपण उरलेल्या लाखांमध्ये."

मावशींना हे फारसं आवडलं नाही. मग त्याच सांगायला लागल्या. त्यांच्या सासरच्या घरात चालत आलेली गोष्ट अशी, की यजमानांचा खापरपणजा शेगाव सोडून इकडे सातपुड्याच्या पायथ्याशी आला. "तवा महाराज प्रगटले नोयते. नाईतर कोन सोडलं असतं शेगाव?" गजानन महाराज शेगावात दिसले १८७८ साली, म्हणजे त्याआधीची गोष्ट. इथं आल्यावर लोक म्हणायला लागले शेगावचा, शेगोवाला, शेगोकार. तेच पुढे चिकटलं.

"अन् गंमत सांगू का मास्तर? शेगावले दर्शनाले गेलो, खिडकीवर आधार कार्ड देल्लं, त थो पोरगा म्हने, आजी, तुमी गाववाल्याच हाय ना? आता काय सांगू त्याले! शेगावात आमाले कुत्रं वयखत नाई."

मावशींनी मुद्द्याची गोष्ट सांगून टाकली, आणि ती पुस्तकी माणसाच्या सहज लक्षात येत नाही. गावावरून पडलेलं आडनाव त्या गावात जन्माला येतच नाही. शेगावात राहणाऱ्याला शेगोकार कशासाठी म्हणायचं? तिथं सगळेच शेगावचे. माणूस वेस ओलांडून दुसऱ्या गावी गेला की तिथले लोक त्याला ते नाव देतात. अकोटकर अकोटाबाहेरचे, बाळापुरे बाळापूर सोडलेले, मलकापुरे मलकापूर सोडलेले. कोकणात ते काम 'कर' करतो, आपल्या वऱ्हाडात पुष्कळदा 'कार' होतो, नाहीतर नुसती मात्रा देऊन भागवतात. आमच्या सोनाळ्यात माझ्या माहितीत एकही सोनाळकर नाही. बाहेर आहेत, पण ते आमचेच असतील असंही छातीठोक सांगता येत नाही, कारण सोनाळे जामनेरकडे आहे, भिवंडीकडेही आहे. आडनावावरून गाव शोधायला निघालेला माणूस इथंच फसतो.

"तिकडचे गोरे लोक कशावरून नाव ठेवते?" मावशींनी विचारलं.

म्हटलं, अगदी असंच. परवा तो अणुबॉम्बवाल्याचा सिनेमा आला होता ना, ओपनहायमर? जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी ओपनहाइम नावाचं गाव आहे. तिथून उठून गेलेला तो ओपनहायमर. त्याचा बाप १८८८ साली कोवळ्या वयात जर्मनीतून न्यूयॉर्कला आला. म्हणजे आपल्या हिशेबाने तो ओपनहाइमकार. पश्चिम जर्मनीचा पहिला चान्सलर आडेनाउअर, तोही आडेनाउकार. ट्रम्पचा आजा जर्मनीतल्या काल्श्टाट नावाच्या खेड्यातून १८८५ साली अमेरिकेत आला, आणि टोमॅटो सॉसवाल्या हाइन्झचं घराणंही मूळ त्याच खेड्यातलं.

"एकाच गावचे? मंग सोयरीक असंन," मावशी म्हणाल्या.

ते काही मला माहीत नव्हतं. मी गाडी पुढे नेली. जर्मन लोक अमेरिकेत लाखांनी गेले, पण सगळ्यांची आडनावं जशीच्या तशी राहिली नाहीत. म्युलर म्हणजे पिठाची चक्कीवाला, त्याचा मिलर झाला. श्मिट म्हणजे लोहारच, तो जाऊन स्मिथांच्या गर्दीत बसला. आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष झाला, त्याचं घराणं आयझेनहाउअर, लोखंड फोडणारे, १७४१ साली पेनसिल्व्हेनियात उतरलेले. अशी बदललेली नावं मोजणीत आली की मूळ नाव दुर्मीळ दिसतं. माणसं तितकीच असतात, पाटी बदललेली असते.

"आपल्याकडे गुर्जी बदलवते तसं."

हा टोमणा मला होता. मी बत्तीस की काही वर्षं शाळेत दाखल-खारीज रजिस्टर लिहिलं. सांगतात, की अमेरिकेच्या बंदरावर बसलेल्या कारकुनांनी आलेल्यांची नावं मोडून टाकली. जाणकार म्हणतात तसं नव्हतं, ते जहाजावरून आलेल्या यादीवर नुसत्या खुणा करत, नावं लोकांनी स्वतःच मागाहून सुटसुटीत करून घेतली. आमच्याकडे मात्र गुरुजींच्या लेखणीत खरोखर जोर होता. बाप पोराला घेऊन यायचा, आडनाव काय विचारलं की जे तोंडून निघेल ते कागदावर. एका भावाचा वानखडे, दुसऱ्याचा वानखेडे. मुंबईच्या स्टेडियमला ज्यांचं नाव आहे ते शेषराव वानखेडे आमच्या विदर्भातले, पण इकडे वानखडे म्हणणाऱ्यांची घरं ढीगभर. आता जात पडताळणीला एका मात्रेपायी प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात छापून आणा, असे हेलपाटे पडतात. त्याहून जुन्या कोतवाल बुकात पाहाल तर पुष्कळ ठिकाणी आडनावच नाही. नाव, बापाचं नाव, जात, संपलं. कुणबी नोंदी शोधायला मागे सगळे तहसिलीत गेले, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की आपला पणजा आडनावाशिवाय जगला आणि मेला.

एवढ्यात रस्त्यावरून पाटील आले. खांद्यावर टॉवेल, हातात मोटारीची चावी. कुंपणाशी दोघं बोलताना दिसले की पाटलांना पुढे जाववत नाही.

"कायच्या गोठी चालू हाय?"

"आडनावाच्या," मावशी म्हणाल्या. "तुमचं खरं कोनतं हाय, थे इचारू का?"

पाटील हसले, पण जरा बेतानेच. आमचे पाटील कागदावर भोपळे आहेत. सातबाऱ्यावर भोपळे, बँकेत भोपळे, मतदार यादीत भोपळे. गावात आणि लग्नपत्रिकेत पाटील. वऱ्हाडात अशी घरं पुष्कळ. आज्याकडे पाटीलकी होती, ती कधीच गेली, हुद्दा तेवढा नावात राहिला. देशमुख, देशपांडे, कुळकर्णी हे सगळे मूळचे हुद्देच. मी म्हटलं, मावशी, तुमच्या मिशिगनातून तर एक ठाणेदार २०२२ साली तिथल्या संसदेवर निवडून गेलेत.

"पोलिसातला?" दोघांनी एकदमच विचारलं. त्यांचं चुकलं नाही, आमच्याकडे ठाणेदार म्हटलं की पोलीस ठाण्याचा साहेबच डोळ्यापुढे येतो. म्हटलं, नाही हो, श्री ठाणेदार, चिकोडीला जन्मलेले, बेळगावात वाढलेले मराठी गृहस्थ. आडनावच ठाणेदार.

"पाहा, हुद्द्याचं नाव तिकडेबी चालते," पाटील खूश झाले.

मग त्यांना माउंटबॅटनची गोष्ट सांगावीच लागली. आपल्याकडे शेवटचा व्हाइसरॉय म्हणून आला तो माउंटबॅटन जन्माने बॅटनबर्ग. बॅटनबर्ग हेही जर्मनीतलं एक छोटं गाव. पहिलं महायुद्ध पेटलं, इंग्लंडात जर्मन नाव म्हणजे शिवी झाली, तेव्हा १९१७ साली राजानेच आपल्या घराण्याचं जर्मन नाव टाकून विंडसर घेतलं, आणि बॅटनबर्गवाल्यांनी 'बर्ग'चं इंग्रजी 'माउंट' करून ते पुढे बसवलं. गावाचं नाव उलटं करून घातलेल्या सदऱ्यासारखं आतून तसंच राहिलं.

"म्हंजे थोबी भोपळेच निंगाला," मावशींनी निकाल दिला. पाटलांनी चावी या हातातून त्या हातात घेतली.

मला स्वतःला नावं झाकणाऱ्यांपेक्षा ती वागवणाऱ्यांची गोष्ट जास्त आवडते. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांची घ्या. धर्माने यहुदी, बोली मराठी, आडनावं रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर. शनिवारी काम करत नाहीत म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. इस्राएल झाल्यावर त्यांतले बहुतेक तिकडे गेले. आज लोद, रामले, दिमोना, अश्दोद अशा शहरांत रोहेकर भेटतील, पण खुद्द रोह्याला पुसाल तर हे नाव कोणाचं ते सांगणारा विरळा. काहींनी मात्र गाव गाळून बापाचं नाव पुढे केलं. इंग्रजीत कविता लिहिणारे मुंबईचे निस्सीम इझिकिएल यांच्या घराण्याचं आडनाव तळकर होतं. ते तळकर राहिले असते तर मराठी माणसाने त्यांच्या कविता जरा जास्त वाचल्या असत्या, असं मला उगीच वाटतं.

आणि आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर. वडील मुंबईचे डॉक्टर, आई आयरिश. मालवण तालुक्यात वराड नावाचं गाव आहे, तिथलं हे घराणं. २०१७ साली ते त्या पदावर बसले तेव्हा आयर्लंडातल्या बातम्या सांगणाऱ्यांना हे पाच अक्षरांचं नाव रोज उच्चारावं लागलं. २०१९ च्या डिसेंबरात ते आई-वडिलांना घेऊन वराडला आले, सगळं गाव गोळा झालं. डब्लिनमध्ये असं नाव एखाद्याच घरावर दिसावं, आणि ते थेट मालवण तालुक्यातलं एक गाव दाखवतं. स्मिथला आपलं गाव सापडणार आहे का? त्याला जगातला कुठलाही भाता चालेल.

हे मावशींना पटलं. त्यांनी गोधडी झटकली, उलटी करून पुन्हा तारेवर टाकली आणि सरळ कामाचं विचारलं.

"मंग लेकराच्या पासपोर्टावर काय लिवायचं? नातू म्हन्ते, थे लोक शेगोकर म्हन्तात. 'कार' म्हनतच नाईत. त म्या म्हनलं, 'के'च्या पुढं दोन 'ए' लाव."

इथं मी आडवा पडलो. म्हटलं, मावशी, असं करू नका. बापाच्या पासपोर्टावर एक 'ए' आणि लेकाच्या दोन, तर ते पोरगं जन्मभर दोघं बाप-लेक असल्याचा पुरावा देत फिरेल. इथल्या मात्रेचे हाल आपण पाहिलेत, तिकडे तर वकील तासावर पैसे घेतो. एकच 'ए' ठेवायचा आणि घरात पोराला शेगोकार म्हणायला शिकवायचं.

"अन् मायचं नाव?" आपल्याकडे २०२४ पासून सरकारी कागदावर आईचं नाव मध्ये आलं आहे, हे मावशींना बरोबर माहीत होतं.

"ते तिकडे त्यांच्या मर्जीवर. सुनेने आपलं माहेरचं ठेवलंय ना?"

"ठिवलं ना. जोशी हाय थे. यादीत असंन थे?"

असेल म्हटलं, जोशी पुष्कळ गेलेत. मावशींच्या कपाळावर आठी पडली. सुनेचं आडनाव यादीत आणि आपलं नाही, ही गोष्ट एवढ्या सकाळी पचणारी नव्हती. त्यांनी ती पाटलांवर काढली.

"मास्तर म्हन्ते थे ऐकलं ना पाटील? कागदावर एक अन् तोंडी एक नाई चालत. तुमच्या पोरीचा नवरदेव पुन्यात हाय, उद्या तिलेबी पासपोर्ट लागंन. मंग पत्रिकेत काय छापून राह्यले, पाटील का भोपळे?"

पाटलांनी कान टवकारले, वळून शेताकडे पाहिलं.

"थ्री फेज आली वाटते," म्हणाले, आणि चावी वाजवत लांब ढांगा टाकत निघाले.

"कुठी आली!" मावशी ओरडल्या. "माह्या घरातला पंखा बंद हाय अजून!"