सहाशेकाका

मासाई माराच्या सहलीत आमच्या जीपमध्ये एक काका होते. पहिल्याच सकाळी त्यांनी पिशवीतून दीडशे-सहाशेची लेन्स काढली आणि ते सगळ्यांचे सहाशेकाका झाले. लेन्स चांगली दुधाच्या चरवीएवढी. विमानात तिला काकांची मांडी मिळाली होती आणि काकूंची शाल मात्र सामानात गेली होती.

काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. ड्रायव्हर त्यांना आदरानं ‘बाबू’ म्हणायचा. “इथपर्यंत कसं कळलं यांना?” म्हणून काका अस्वस्थ झाले. स्वाहिलीत बाबू म्हणजे आजोबा, हे समजल्यावर जास्तच झाले.

त्यांच्याजवळ वही होती. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रेडा ही ‘बिग फाइव्ह’ची यादी मुळात शिकाऱ्यांची, पायी गाठून मारायला अवघड अशा पाच जनावरांची. काकांनी तिच्यापुढे ‘निकाली’ असा रकाना आखला होता. हत्ती निकाली. रेडे निकाली. जिराफ आला तेव्हा, यादीत नाही म्हणून काकांनी मानसुद्धा वर केली नाही. जिराफासाठी निदान तेवढं तरी करायला हवं होतं!

रेडिओ खरखरला की त्यातून ‘सिंबा’ (सिंह) नाहीतर ‘चुई’ (बिबट्या) एवढाच शब्द वेचून काका उघड्या छपरातून वर उगवत. मग हुकूम सुटत. “इंजिन बंद! कुणी हलू नका!” एकदा तर, “चिवडा थांबवा, फ्रेम हलतेय!” सहाशेवर चिवडासुद्धा भूकंप करतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी गवतात ठिपके दिसले. “बिबट्या!” काकांनी एका दमात चाळीस फोटो झोडले. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, “दुमा.” डोळ्यांपासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारख्या दोन रेषा, म्हणजे चित्ता. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं 1952 साली जाहीर झालं. तरी आपल्याकडे बिबट्या दिसला की कुणीतरी ‘चित्ता, चित्ता’ म्हणून ओरडतंच. काकांनी त्या चुकीची परतफेड केली. जन्मात पहिल्यांदा मोकळा चित्ता समोर बसला होता आणि काका मान खाली घालून वहीत लिहीत होते, ‘बिबट्या – प्रलंबित.’

शेवटच्या दुपारी ऊन रणरणत होतं. सिंह दिवसाचे वीसेक तास लोळून काढतो, पण लोळायला सावली हवी. आसपास झाड नव्हतं. एक आयाळवाला उठला, रमतगमत आला आणि थेट आमच्या जीपच्या सावलीत, काकांच्या बाजूच्या चाकाशी आडवा झाला.

काकांनी लेन्स खाली रोखली. तिची मोटर घरघरली, पुढे गेली, मागे आली, पुन्हा घरघरली. एवढ्या जवळचं त्या लेन्सला दिसतच नाही. घामाघूम काका ड्रायव्हरच्या कानाशी लागून म्हणाले, “त्याला जरा मागे घ्यायला सांगा.”

“जीप?” काकूंनी विचारलं.

“जीप कशाला? सिंह!”

दोघांतलं कुणीच हललं नाही. काकाही हलले नाहीत.

परवा त्यांच्या घरी फोटो बघायला गेलो होतो. दोन हजारांतले निवडक अकराशे. प्रत्येक फोटोला काका आकडे सांगत होते, शटर एवढं, आयएसओ तेवढा. मग पडद्यावर एक तपकिरी धुरकट भिंत आली. काकांचे आकडे थांबले.

“हा तोच. नाकावर माशा बसत होत्या बघा, पण हाकलायचा कंटाळा. डावा कान फाटका. श्वास सोडला की खालचं गवत हलायचं. आणि वास! ओल्या गोणपाटासारखा…”

पाच मिनिटं त्या भिंतीवर काका एकेक खूण दाखवत होते आणि आम्हाला ती दिसत होती.

“अहो, याचं शटर किती होतं?” काकूंनी विचारलं.

“गप गं,” काका म्हणाले, “तो झोपलाय.”