स्क्रीन ब्लॅक

हा मुलगा तुमच्याही ओळखीचा आहे. गळ्यात कॅमेरा नसतो, कॅमेऱ्याचा पट्टा असतो. कॅमेरा मित्राचा, पट्टा स्वतःचा. तुम्ही त्याच्याशी घरपट्टीबद्दल बोलत असता आणि तो दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिच्यातून तुमचं नाक बघत असतो. त्याला सगळे डायरेक्टर म्हणतात. खरं नाव हॉलतिकिटावर असतं, आणि ते हॉलतिकीट नेहमी घरी राहिलेलं असतं. असा एक नमुना प्रत्येक गावात निघतो. अमरावतीत जरा जास्तच. आमच्या वाट्याला आलेला डायरेक्टर वरच्या खोलीत भाड्याने राहतो. भाडं वेळेवर देतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे त्याच्याबद्दल बरं बोलायला जागा मिळेल याची खात्री नाही.

"काका, पाच मिन्टं हायेत काय?"

"नाहीत."

"मंग उभ्याउभ्याच आयका. डोळे मिटा."

दुधाची पिशवी हातात घेऊन मी फाटकात डोळे मिटतो.

"स्क्रीन ब्लॅक. काहीच दिसून नाई राह्यलं. फक्त आवाज. टिप... टिप... टिप..."

"मग?"

"मंग टायटल."

"आणि पुढे?"

"पुढचं अजून लॉक नाई झालं."

त्याच्या डोक्यात खुनाची गोष्ट आहे, अपहरणाची आहे, पेपरफुटीची आहे, मेळघाटात हरवलेल्या जीपची आहे. सगळ्यांची सुरुवात अंधारात गळणाऱ्या नळाने होते. एकदा बँकेवरच्या दरोड्याची गोष्ट घेऊन आला. माझा उभा जन्म बँकेत गेलेला. म्हटलं, बँकेत नळ कुठून आणलास?

"वॉटर कूलर नोयता काय तुमच्या बँकेत?"

"होता. बंद पडलेला होता."

"मंग टिपकतच असंल ना थो!"

खरंच टिपकत होता. या मुलाशी वाद घालण्यात अर्थ नाही तो यामुळेच.

तो जनसंवादाचा विद्यार्थी. अभ्यासक्रमात त्यांना एक प्रात्यक्षिक होतं: एखाद्या थ्रिलरची पहिली दोन मिनिटं चित्रित करून आणा. अख्खा सिनेमा नको, नुसती सुरुवात. आयुष्यभर फक्त सुरुवातीच सुचलेल्या माणसाला विद्यापीठानेच असं काम द्यावं, म्हणजे काय विचारता! महिनाभर आमचा जिना वरखाली थरथरत होता. भिंतीवर चौकोन आखलेले कागद, प्रत्येक चौकोनात काडीची माणसं, आणि पहिला चौकोन पेनाने घोटूनघोटून काळा केलेला. तेवढ्यात त्याची रिफिल संपली.

मीही मदत करायला गेलो. म्हटलं, आमच्या वेळी राजा परांजप्यांचा 'पाठलाग' आला होता, १९६४ साली. असा रहस्यपट, की हिंदीवाल्यांनी त्यावरून दोन वर्षांत 'मेरा साया' काढला. डायरेक्टरचे डोळे चमकले. "ओपनिंग कसं हाये त्याचं?" मला आठवेना. शेवट आठवत होता, तो सांगू लागलो, तर हा मोबाइलमध्ये बघू लागला. शेवट हा विषय त्याच्या अभ्यासक्रमात नव्हता.

त्याचं दैवत हिचकॉक. मला त्याने हिचकॉकचा बॉम्ब समजावला. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो एकदम फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलं आणि टेबलाशी बसलेल्यांना ठाऊक नसलं, तर पंधरा मिनिटांची घालमेल. याच तत्त्वावर त्याने बसस्थानकावरच्या बाकावर एक बेवारस बॅग ठेवली. आत आमच्या हिची जुनी लुगडी कोंबलेली. कॅमेरा लांब खांबाआड. तेवढ्यात परतवाड्याच्या गाडीची वाट पाहणारी एक बाई आली. "कोनाची थैली हाये वं? लेकराले बसाले जागा नाई अन् थैली बसली राजावानी!" तिने बॅग बाकाखाली लोटली, पोराला वर बसवलं आणि त्याच्या हातात भजं दिलं. पुढची दहा मिनिटं कॅमेऱ्याने भजं टिपलं. मी म्हटलं, आता बॉम्ब खरोखर खाली आहे, हिचकॉकला चालेल. डायरेक्टर हसला नाही.

मग खुनी आला. खुनी म्हणजे बडनेऱ्याहून रोज येणारा त्याचा वर्गमित्र. तोंड बांधलेला, नुसते डोळे दिसणारा एक माणूस भर गर्दीतून चालत येतो आणि गर्दी हळूहळू घाबरते, असा प्रसंग. जागा राजकमल चौक. महिना मे. वाचक वऱ्हाडातला असेल तर त्याच्या लक्षात आलंच असेल. मे महिन्यात राजकमल चौकात तोंड न बांधलेला माणूस शोधून सापडत नाही. पंचेचाळीस अंशांत कॉलेजच्या पोरी, औषधांचे विक्रेते, लग्नाच्या पत्रिका वाटणारे काका, सगळे दुपट्ट्यात गुंडाळलेले, नुसते डोळे दिसणारे. चौकात दोन-तीनशे खुनी आणि त्यातला एक आमचा. घाबरायचं कोणी? उलट दुपट्टा बांधलेल्या एका आजीबाईंनी आमच्या खुन्याला थांबवून अंबादेवीच्या देवळाकडे कुठला रस्ता जातो ते विचारलं, आणि तो सज्जन मुलगा त्यांची पिशवी घेऊन एकवीरा देवीपर्यंत सोडून आला. परतला तेव्हा त्याच्या कपाळाला कुंकू होतं. ते पुसायचं की ठेवायचं, यावर अर्धा तास चर्चा झाली. खरं तर त्या चौकात जो माणूस उघड्या तोंडाने चालला असता, त्याच्याकडे बघून लोक घाबरले असते. हे मी सुचवलं. डायरेक्टरने वहीत लिहून घेतलं, पण म्हणाला, "ते दुसऱ्या ओपनिंगले वापरू."

प्रेताची भूमिका मला मिळाली. "तुमी फक्त पडून राहाचं काका. अॅक्टिंग झिरो." छत्री तलावाच्या काठाला, रात्री दोनची वेळ. रात्रीचं शूटिंग करायला दिवे नव्हते, म्हणून ते दुपारी दोनला. याला डे फॉर नाइट म्हणतात, हॉलिवूडवाल्यांनी जुन्या काळी असंच भर उन्हात चांदणं पाडलं, हे त्याने मला रिक्षात सांगितलं. त्यांच्याकडे निळे फिल्टर होते आणि आमचं ऊन नव्हतं, हा फरक त्याने सांगितला नाही. मोबाइलमधल्या निळ्या छटेने आमची रात्र जास्त नीळ घातलेल्या धोतरासारखी दिसत होती.

रक्ताचं त्याने वाचून ठेवलं होतं. 'सायको'च्या न्हाणीघरातल्या खुनात, १९६० साली, हिचकॉकने रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. "अन् पाहा, तिथंही पाणीच हाये काका. शॉवर!" सिरपची बाटली माझ्या सदऱ्यावर रिकामी झाली. 'सायको' कृष्णधवल होता, हे सिरप वाळू लागल्यावर कॅमेरावाल्याने सांगितलं. रंगीत पडद्यावर मी खून झालेला माणूस नव्हे, वाढदिवसाहून पळून आलेला माणूस दिसत होतो. डायरेक्टरने क्षणभर डोळे मिटले आणि जाहीर केलं, की सिनेमा आता ब्लॅक अँड व्हाइट आहे, आणि तो पहिल्यापासून तसाच होता.

एवढ्यात मुंगळ्यांना वास लागला.

"काका, बॉडी हालून राह्यली."

"मुंगळा चावला रे."

"मुंगळा कंटिन्युइटीत नाई!"

शूटिंगचा सगळा खर्च शेवटी गिला वड्यावर झाला. हिशेबाच्या कागदावर 'सेट', 'वेशभूषा', 'प्रकाश' अशा ओळी होत्या, आणि तिन्हींसमोर दह्याचे डाग.

शकुंतलेचं स्वप्न राहिलंच. मूर्तिजापूरहून एका अंगाला यवतमाळ, दुसऱ्या अंगाला अचलपूर असा जाणारा तो अडीच फुटी रूळ, विलायती कंपनीने बांधलेला. त्या गाडीच्या टपावर पाठलाग करायचा त्याचा बेत होता. गाडी धावत होती तेव्हाही तिचा सायकलने पाठलाग जमला असता. आता तर ती काही वर्षांपासून बंदच आहे. रुळांवर बाभळी आहेत. त्याने ठरवलं की खुनी आणि नायक दोघंही बंद गाडीची वाट बघत बसतील. म्हटलं, यात थ्रिल काय? "कोन पयले उठते ते." हे मात्र मला आवडलं होतं. त्याला अर्थातच सांगितलं नाही.

आणि नळ? तो आवाज त्याला खराच हवा होता. संगणकावर हजार थेंब फुकट मिळतात, त्याला चालेनात. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, आणि आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम घुरघुरतात. पहाटे चारला हा मोरीत पालथी बादली घालून तिच्यावर बसलेला, हातात मोबाइल, तोंडावर बोट. ही उठून आत गेली आणि किंचाळली. ती किंचाळीही त्याने ठेवून घेतली, पुढे कामाला येईल म्हणून.

ती दोन मिनिटं अकोल्याला एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत लागली. प्रेत म्हणून मला सन्मानाने नेलं. आता अकोल्याचं पाणी येतं महानहून, काटेपूर्णेच्या धरणातून, आणि नळाला ते रोज येत नाही. कोणत्या भागात कोणत्या वारी, हे तिथल्या माणसाला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्कं पाठ. सभागृहात दिवे गेले. स्क्रीन ब्लॅक. टिप... टिप... टिप...

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "नळ आले वाटते."

एक खुर्ची वाजली. मग दुसरी. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी पदरात फोन धरून घरी सांगितलं, "मोटर लाव, पयले वरची टाकी भर." मग जे हसू फुटलं ते मी मुंगळ्यासाठी पाय झाडेपर्यंत थांबलं नाही, आणि तिथून पुढे वाढलं. आमच्या थ्रिलरला बक्षीस मिळालं. उत्तेजनार्थ, विनोदी विभागात.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला होता. पट्टा गळ्यातून काढून खिशात ठेवलेला. मूर्तिजापूर आलं, गेलं. मला राहवलं नाही. म्हटलं, अरे बाबा, त्या नळाचं एवढं काय आहे?

त्याचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. तिथे विहीर कितीही खोल खणा, पाणी खारट. त्याच्या लहानपणी शहानूरच्या योजनेचा नळ गावात होता, पण यांचं घर पाइपाच्या शेवटच्या टोकाला. पाणी यायचं ते रात्री केव्हातरी, आणि धार कसली, थेंबच. आजी नळाखाली गुंड ठेवून त्याच्याशीच अंथरूण टाकायची.

"टिप टिप चालू हाये तवर आजी निजलेली. थांबली का उठून बसे. मंग आमी समदे जागे. किती भरलं, सकाळी कोन जाईल, काई पत्ता नाई. भेव आवाजाचं नाई काका. थांबण्याचं हाये."

मी जरा वेळ गप्प राहिलो. मग म्हटलं, "मग तू तो थांबताना का दाखवत नाहीस?"

"त्याले तिसरं मिनिट लागते."

तिसरं मिनिट अभ्यासक्रमात नाही. आणि अभ्यासक्रम संपला की पोरं राहत नाहीत. कॅमेरावाला जूनमध्ये हिंजवडीला गेला, कॅमेऱ्यासकट. खुनी नागपूरला बँकेच्या परीक्षांचा क्लास लावून बसला. संकलन करणारी मुलगी लग्न होऊन सुरतेला. दरवर्षी नवी पोरं येतात, हा त्यांना गोळा करतो, जिन्यात डोळे मिटायला लावतो, आणि पोरं पहिल्या दोन मिनिटांपर्यंत टिकतात. आता तो स्वतः चिखलदऱ्याला लग्नाआधीची चित्रीकरणं करतो. धुक्यातल्या कड्यावर नवरा-नवरी हातात हात घालून येतात, पण त्याआधी पडदा काळा असतो आणि कुठेतरी नळ गळत असतो. एका वधूपित्याने यावरून पैसे कापले.

त्याची शूटिंगची वही एकदा जिन्यात पडलेली सापडली. दुसऱ्याची वही वाचू नये, पण तीत माझं नाव होतं. छत्री तलावाच्या पानावर शॉटचा नंबर, कॅमेऱ्याची जागा, आणि शेजारी बारीक अक्षरात: 'काका – बीपी – तीन मिन्टापेक्षा जास्त उन्हात नको. पाणी सोबत.' मला त्या दिवशी दर दोन मिनिटांनी उठवून बाभळीखाली का बसवत होते, ते तेव्हा कळलं. मी समजत होतो, माझा अभिनय जमत नाही.

परवा पुन्हा फाटकात अडवलं. बोटांची चौकट, चौकटीत माझं नाक.

"काका, नवीन ओपनिंग. ह्या टायमाले तुमी मेलेले नाई."

"मग?"

"हरवलेले."

"म्हणजे मी पडद्यावर येणारच नाही?"

"फोटो येते ना! पासपोर्ट साइज. पोलीस स्टेशनात टेबलावर. पाठीमागं नळ."

आत जाऊन कपाट उघडलं. पेन्शनच्या वेळी काढलेले फोटो कुठल्या पाकिटात आहेत ते हिला विचारलं, तर ही आधी हसली, मग तिनेच शोधून दिले. जिन्यातून हाक आली.

"दोन द्या काका. एक हरवते."