युनियन टेरिटरीत युनियन जॅक

आमचे साडू लंडनला आठ दिवस राहून आले. येताना तिकडून दोन शब्द घेऊन आले: 'हेरिटेज' आणि 'ऑथेंटिक'. परवाच्या शनिवारी सेलवासच्या किलवणी नाक्यावर गाडीतून उतरता उतरताच त्यांनी फर्मावलं, "आज सगळं ब्रिटिश दाखवा. वास्तू ब्रिटिश, जेवणही ब्रिटिश. युनियन टेरिटरी आहे ना तुमची?"

म्हटलं, साडूभाऊ, इंग्रजांचं राज्य इथे कधी नव्हतंच. मराठ्यांच्या आरमारानं 1772 मध्ये पोर्तुगिजांचं 'सांताना' जहाज धरलं. त्याच्या भरपाईपोटी पेशव्यांनी त्यांना नगर हवेलीतल्या गावांचा वर्षाचा 12,000 रुपये महसूल लावून दिला. 1783 मध्ये ते वसुलीला आले आणि 1954 पर्यंत उठलेच नाहीत.

"विमा नव्हता का जहाजाचा?" साडू हळहळले.

सेलवासचं चर्च पाहून "व्हिक्टोरियन!" म्हणाले. पोर्तुगीज, मी म्हटलं. आदिवासी संग्रहालयात तारपा पाहून "बॅगपाइप!" म्हणाले. तिथे मी गप्प बसलो, कारण फुंकायचं वाद्य आहे एवढं तरी त्यांनी ओळखलं होतं. 2 ऑगस्ट 1954 ला सेलवास मोकळं करणाऱ्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, हे सांगितल्यावर मात्र ते थबकले.

"फडके? गीतरामायणवाले? इथे कशाला?"

"गीतरामायण पुढच्या वर्षीचं. आधी हे."

"कार्यक्रम होता का?" त्यांनी विचारलं.

दुपारी त्यांना फिश अँड चिप्स हवे होते. खानावळवाल्यानं मान डोलावली आणि तळलेले बोंबील व बटाटा वेफर्सचं पाकीट आणून ठेवलं. मागणी तंतोतंत पुरी झाली होती. साडूंनी पाव मागवून वेळ मारून नेली. पाव काय नि बटाटा काय, दोन्ही शब्द पोर्तुगिजांचेच, पण भरल्या तोंडाच्या माणसाला इतिहास सांगू नये. किलवणीत ओळखीच्या वारली घरी नागलीची भाकर आणि चटणी तयार होती. तिच्याकडे पाहून साडू म्हणाले, "हे नको, काहीतरी ट्रॅडिशनल."

शेवटी वैतागून त्यांनी नाक्यावरच्या एका पोऱ्याला विचारलं, "इथे ऑथेंटिक इंग्लिश कुठे मिळेल?"

पोऱ्यानं समोर बोट दाखवलं. देशी आणि इंग्लिश, या मुलखात एवढा भेद लहान पोरालाही कळतो. दुकानापुढे गुजरातच्या नंबरप्लेटांची ही रांग! आमच्याकडच्या पर्यटनाची सगळी मदार या एकाच हेरिटेजवर आहे. साडूंचा चेहरा दिवसात पहिल्यांदा खुलला. सहा बाटल्या वारसा डिकीत ठेवून ते गुजरातेतल्या भिलाडच्या दिशेनं निघाले.

जाता जाता सांगतो. भारतातून या मुलखात येण्याजाण्याच्या वाटेसाठी पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. 12 एप्रिल 1960 ला निकाल लागला: माणसांना आणि मालाला भारताच्या नियंत्रणाखाली वाट होती, सैन्याला, शस्त्रांना नव्हती. त्यानंतर एकोणीस दिवसांनी, 1 मे रोजी, गुजरात राज्य जन्माला आलं. जन्मापासून दारूबंदीचं.

रात्री साडूंचा फोन आला. हद्दीवर डिकी उघडायला लावली होती. "हेरिटेज आहे" असं त्यांनी सांगून पाहिलं म्हणे.

बाटल्या जप्त झाल्या. साडू जामिनावर आहेत.