एका सुताची गोष्ट

न्यू जर्सीतल्या घरामागे डेक बांधायचं ठरलं, तेव्हा जड कामं कंत्राटदाराला दिली आणि कडेच्या पट्ट्या मी बसवीन असं जाहीर केलं. फळ्यांची कापलेली टोकं उघडी दिसू नयेत म्हणून चौफेर एक फळी फिरवतात. साडीला काठ असतो, तशी. काठाच्या मधोमध दर पाच-सहा फुटांवर खांब उगवत नाही, हा फरक दुकानात माझ्या ध्यानात आला नाही.

डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच, म्हणजे कठडा निदान ३६ इंचांचा हवा, असा नियम. कठडा म्हटला की खांब आले, खांब म्हटले की खाचा आल्या. त्यातला ३६ हा आकडा मी तेव्हा नुसता माप म्हणून वाचला. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत, हे नंतर दिसलं.

इथे ज्याला चार बाय चार म्हणतात, तो खांब प्रत्यक्षात भरतो साडेतीन बाय साडेतीन. ओला ओंडका चिरतात तेव्हा तो चार असतो. मग लाकूड वाळतं, चारी अंगांनी तासलं जातं, अर्धा इंच निघून जातो आणि नाव तेवढं मागे राहतं. जहागिरी गेल्यावरही पाटीवर ‘जहागीरदार’ असतंच की. मी पाटीवर विश्वास ठेवून चार इंचांची खाच कापली. थोरल्या भावाचा शर्ट घालून शाळेत आलेल्या पोरासारखा खांब त्यात उभा राहिला.

दुसऱ्या फळीला मी शहाणा झालो. बरोब्बर साडेतीन. ती बसेचना. रबरी हातोडीने समजावलं, मग जरा दटावलं, तेव्हा खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून तडा गेला आणि फळीचा कान हातात आला. त्या कोपऱ्यात आधी गिरमिटाने एक गोल भोक पाडायचं असतं. त्याने करवतीच्या पात्याला वळायला जागा मिळते आणि तडा सुरू व्हायला टोकदार कोपराच उरत नाही. हे मला फळीने शिकवलं, पण फी घेऊन.

सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आई खुर्ची टाकून हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“मापं घेतोयस की पत्रिका जुळवतोयस?”

“आई, बरोबर माप घेतलं होतं.”

“मग तेच चुकलं. सूतभर मोकळं सोडायचं सगळीकडून.”

सूत! कितीतरी वर्षांनी हा शब्द ऐकला. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. वाईच्या घरी फडताळ करायला यायचे ते सुतारकाका कानावर पेन्सिल खोचून “दोन सूत कमी पडतंय बघा” म्हणायचे आणि आम्हा पोरांना त्यांच्या हातात दोरा कुठे दिसायचा नाही. माझ्या हातातल्या अमेरिकन टेपवर तीच आठवा भाग इंचाची रेघ होती. मला ती आजवर फक्त रेघ वाटत होती.

आईचं म्हणणं फळीबरोबर आलेल्या पुस्तिकेतही निघालं, फक्त चार पानं लावून. माझी फळी लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांची. खरं लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, लांबीला फारसं हलत नाही. ही बया उन्हात लांबीलाही वाढते. खांबाला चिकटवून बसवली तर जुलैत तिने जायचं कुठे? शिवाय फटीतून पाणीही निथळून जातं.

“आमच्या आईला कुठे लागायची मापं,” आई म्हणाली आणि हवेतच हात गोल फिरवला. आजी माजघर सारवायची तेव्हा खांबापाशी तिचा हात असाच वळायचा. शेणाचा काला खांबाच्या पायाशी आपोआप बसायचा, खाच नाही की सांधा नाही. अर्थात दर आठवड्याला पुन्हा सारवावं लागायचं, ते आई सोयीने विसरते.

मग पार्सलच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून प्रत्येक खांबाचा साचा केला आणि गाडी सुतात आली. कोपऱ्यातला खांब तेवढा राहिला. तिथे दोन्ही फळ्या ४५ अंशांत कापून भेटवायच्या, पण टोकाला फट हसत राहिली. कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजले. मधला कर्ण पाच फूट भरायला हवा, तो अर्धा इंच जास्त. म्हणजे काटकोन ९० नव्हे, ९१ अंशांचा! कंत्राटदाराला फोन केला. “बघायला कोण येतंय?” म्हणाला. मी निमूटपणे साडेपंचेचाळीस अंशांत कापलं.

आता डेक नीटस दिसतो. ती चार इंचांची पहिली फळी टाकवेना, म्हणून तुकडा करून तुळशीच्या कुंडीखाली ठेवला आहे, खाच भिंतीकडे करून. पाहुणे आले की आई कुंडी बाजूला सरकवते आणि आधी तो तुकडा दाखवते.