कनेक्टिव्हिटीवाला दादा

पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला डेटाबेसचं प्रॅक्टिकल असतं. त्यात जावातून मायएसक्यूएलची कनेक्टिव्हिटी करून दाखवायची असते. प्रोग्रॅम जेमतेम वीस ओळींचा, तोही सीनियरच्या जर्नलातून उतरवलेला. पण तो चालायचा तर जेडीके, सर्व्हर, एक्लिप्स आणि कनेक्टरची जार फाइल या चौघांचं एकमेकांशी पटावं लागतं. ते पटत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री तर मुळीच नाही. मग हॉस्टेलात दादाचं दार वाजतं.

दादाच्या पेनड्राइव्हवर जावाच्या झाडून सगळ्या आवृत्त्या असतात, पण नव्यावर त्याचा विश्वास नाही. "आठ टाक. सतरा कशाला? नासात जायचंय?" असं म्हणत तो आधी लॅपटॉपच्या मालकाला खुर्चीवरून उठवतो. "पाथ सेट केलास? सर्व्हिस चालू आहे? रूटचा पासवर्ड काय?" शेवटच्या प्रश्नावर मालक छताकडे बघतो. इन्स्टॉल करताना त्याने घाईत काहीतरी बडवलेलं असतं. दादाचा चेहरा खुलतो. "काढून टाक सगळं!" अनइन्स्टॉल हा त्याचा खरा छंद. प्रोग्रॅमडेटामध्ये मायएसक्यूएलचा एक लपलेला फोल्डर मागे राहतो, जुना पासवर्ड त्यातच दडून असतो. तो शोधून उडवताना दादाला जो आनंद होतो, तो त्याला रिझल्टच्या दिवशीही होत नाही.

आईचा मोबाइल नंबर त्याला फोनमध्ये बघून सांगावा लागतो. पण 3306 मायएसक्यूएलचा, 5432 पोस्टग्रेसचा, 1521 ओरॅकलचा, हे पोर्ट झोपेतून उठवून विचारा. घराण्यांची माहितीही चोख. ओरॅकलच्या जुन्या 'स्कॉट/टायगर' लॉगिनमधला स्कॉट म्हणजे कंपनीतला सुरुवातीचा प्रोग्रॅमर ब्रूस स्कॉट, आणि टायगर ही त्याच्या मुलीची मांजर. मायएसक्यूएलमधली 'माय' ही माँटी विडेनियसची थोरली लेक. धाकट्या मारियाच्या नावाने मारियाडीबी. एवढा गोतावळा तोंडपाठ असलेल्या माणसाला लेफ्ट जॉइन म्हणजे काय, हे मात्र विचारू नये.

एकदा उबंटूवर ड्रायव्हर अडून बसला. सर्व्हर म्हणतो 'आयएसटी', पण हे भारताचं घड्याळ, इस्राएलचं की आयर्लंडचं? "बघ," दादा म्हणाला, "पुण्यात बसून पुण्यात आहोत हे सिद्ध करावं लागतं." आणि त्याने यूआरएलच्या शेपटाला टाइमझोन चिकटवून दिला.

ड्रायव्हर लोड करणारी 'क्लास डॉट फॉरनेम' ही ओळ 2006 साली आलेल्या जावा 6 पासून लिहावी लागत नाही. दादाला हे ठाऊक आहे. तरी तो ती काढू देत नाही. "असू दे. एक्स्टर्नल विचारतात." आणि खरंच, एक्स्टर्नल तेवढंच विचारतात.

स्क्रीनवर 'कनेक्टेड' उमटलं की दादा उठतो. पुढे क्वेरी चालते का, टेबलात रेकॉर्ड जातं का, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मांडववाल्याने मंगलाष्टकांना थांबायचं नसतं. मोबदला एक मॅगी, तीही आग्रह झाला तर. मला विचाराल तर चूक अभ्यासक्रमाची आहे: मार्क क्वेरीला आणि घाम पाथला. या मुलाला निदान टर्मवर्कचे दहा मार्क जादा द्यायला हवेत.

परवा एका ज्युनिअरने त्याला मेसमध्ये ऐकवलं, "दादा, आता हे सगळं कोण करतं? डॉकर टाकायचा, एका ओळीत सर्व्हर उभा!" दादा काही बोलला नाही. आमटी घेतली, भात कालवला, जेवला.

रात्री साडेअकराला तोच ज्युनिअर दारात. डॉकर उघडत नव्हता; व्हर्च्युअलायझेशन बंद आहे म्हणत होता.

"बायोसमध्ये जावं लागेल," दादा म्हणाला. "लॅपटॉप कुठला? एफ टू की एफ टेन?"

उत्तर येईपर्यंत त्याने चपला घातल्यासुद्धा होत्या.