मिलवाल्याचा कान

जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलच्या शेडमध्ये माणसं बोलत नाहीत, हातवारे करतात. भट्टीत भंगार आदळतं, लालभडक बिलेट रोलमध्ये शिरतं आणि पलीकडून सळई निघते. या गदारोळात उमेदीची वर्षं घालवलेल्या एका सुपरवायझरना पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने सुट्टीत डार्कथ्रोन या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल बँडचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ ऐकवला.

“कोण ओरडायलंय हे?” मामांनी विचारलं. मग मोबाइल उलटा करून पाहिला. “स्पीकर फाटला का काय?”

स्पीकर शाबूत होता. १९९४ साली निघालेला हा अल्बम मुद्दामच तसा आहे. फेनरिझ नावाच्या गड्याने गिटार, बेस आणि ड्रम एकट्याने चार ट्रॅकच्या यंत्रावर वाजवून घेतले. जोडीदार नोक्टर्नो कुल्टोने फक्त गळा दिला. ब्लॅक मेटलच्या त्या पिढीला स्टुडिओतल्या गुळगुळीतपणाचा तिटकारा होता. आवाज जितका खरखरीत, तितका खरा! त्याच मंडळींच्या वर्तुळात चर्च जाळण्यापासून खुनापर्यंत बरंच काही घडलं. एवढा भाग भाच्याने मामीला सांगितला नाही.

सांगितली ती मांजराची गोष्ट. हाच फेनरिझ पोस्टात नोकरीला होता. पुढे गावच्या नगरपरिषदेत राखीव सदस्य म्हणून नाव द्यायची त्याला गळ घातली गेली, तेव्हा त्याने स्वतःच्या मांजरासोबत फोटो काढून ‘कृपया मला मत देऊ नका’ असा प्रचार केला. तरी निवडून आला! मामांना अल्बम कळायच्या आधी माणूस आवडला.

सकाळी मोती तलावाकडे फिरायला जाताना मामांच्या कानात इयरफोन दिसू लागले. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं की, अर्थ न कळणारी अक्षरंसुद्धा पुन्हा पुन्हा समोर आली की माणसाला आवडू लागतात. शोध मोठाच. पण मग मिलचा भोंगा आजवर कुणाला का आवडला नाही, याचंही उत्तर हवं.

उत्तर मामांच्या धंद्यात होतं. मिलमधला जुना माणूस गोंगाट ऐकत नाही, गोंगाटातला एकेक आवाज ऐकतो. चार नंबरच्या स्टँडचं बेअरिंग वाजतंय, हे तो चहा पिता पिता सांगतो. तोच कान मामांनी इथे लावला. ड्रम सुरुवातीपासून एकाच चालीने पळतो, थांबणं नाही, वळण नाही. गिटारची तार इतक्या झपाट्याने छेडलेली की सूर तुटतच नाही. आणि या पळापळीच्या वर तीन-चार सुरांची एक चाल चाललेली असते. चक्क संथ! उदास, पण गुणगुणता येण्याजोगी. ती एकदा सापडली की ओरडणारा बाजूला पडतो. एका संध्याकाळी मामा तीच चाल गुणगुणत मोसंबी सोलत होते. मामींना वाटलं, जुनं भावगीत आहे.

भाच्याची भीड चेपली. त्याने मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा २०१७चा अल्बम पाठवला. मेटलच, पण डेथ आणि ब्लॅकची सरमिसळ, कीबोर्डचा थाट. बँडचे म्होरके साहिल मखिजा यूट्यूबवर स्वयंपाकही शिकवतात; ही माहिती मामीसाठी राखून ठेवलेली. अल्बमचं नाव ‘दशावतार’. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गाणी.

मामींनी मोबाइलवर नाव वाचलं. “अहो, दशावतार आहे तर मोठ्यानं लावा की. आत्याबाई एकट्याच बसल्यात.”

लावला. आत्याबाईंनी, म्हणजे मामींच्या सासूबाईंनी, हात जोडले. मत्स्य झाला, कूर्मही झाला, त्यांचे हात जोडलेलेच. वराह सुरू झाल्यावर मात्र चहाचा कप घेऊन त्या ओसरीकडे निघाल्या. उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, “नरसिंह आला की हाक मारा. ओरडायचं काम त्याचं आहे.”